गच्चीवरचं तळं

गच्चीवर तळं करायचं हे अण्णांनी ठरवलं ते कचेरीत, भर दुपारी, आठवीच्या भूगोलाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर.

अण्णा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छपाईला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, आणि इतरांच्या बोलण्यातल्या चुका काढणं हा फावल्या वेळातला. इमारतीत त्यांच्या माघारी त्यांना 'वेलांटी' म्हणत. ते अण्णांच्या कानावर आलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण कुठे लिहायची वेळ आली तर शेवटची 'टी' दीर्घ काढा.

तर त्या पानावर एक वाक्य होतं. जमीन लवकर तापते व लवकर थंड होते; पाणी उशीरा तापते व उशीरा थंड होते. अण्णांनी पहिल्या 'उशीरा'तली वेलांटी ह्रस्व केली आणि त्यांचं पेन थबकलं. पाणी उशिरा तापतं! मग आपली गच्ची पाण्याखाली ठेवली तर? या विचारासरशी त्यांचं मन कचेरीतून उठून थेट गच्चीवर गेलं. दुसऱ्या 'उशीरा'ची दुरुस्ती टेबलावर मागे राहिलेल्या हातानं आपली आपण केली. म्हणजे वाक्याचा उत्तरार्ध अण्णांनी सुधारला, पण वाचला नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली की माणसाला ही कला साधते.

आता गच्चीची एवढी निकड का, तर सासरेबुवांमुळे. सासरेबुवांनी छत्तीस वर्षं खाडीतून माणसं नेणाऱ्या बोटीचं सुकाणू धरलं होतं. नुकतीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. काळा चष्मा आला होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन महिने डोळ्यांत धूळ नको, घाम नको, थंड जागी ठेवा. मुली दोन. थोरली अण्णांकडे, धाकटी साडूंकडे. साडूंच्या घरी एसी होता. अण्णांच्या घरी शेवटचा मजला होता. दुपारी एकनंतर मागच्या खोलीचं छत असं तापायचं, की पंखा लावला तर तो वरची गरम हवा खाली वाढायचा, आणि तीही आग्रह करकरून.

एसी अण्णांनीही बसवला असता. पण गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर एकानं तो बसवला तेव्हा इमारतीचं सगळं वायरिंग जळालं आणि सगळे तीन दिवस मेणबत्तीच्या उजेडात एकमेकांशी भांडले. तेव्हापासून एसी लावायचा नाही असा ठरावच होता. ठरावाचा मसुदा अण्णांचाच.

सासरेबुवा आले त्याच दिवशी साडूंचा फोन आला.

"बाबांना आमच्याकडेच पाठवा ना अण्णा. तुमची माया मी जाणतो हो, पण मायेनं छत थोडंच थंड होतंय?"

साडू हे मोठं अवघड नातं आहे. भावाशी भांडता येतं, मित्राशी बोलणं टाकता येतं. साडूशी मात्र फक्त हसून बोलता येतं. अण्णा हसून बोलले. साडूही हसून म्हणाले, "बरं, पंधरा दिवसांनी मी येतो गाडी घेऊन. बाबांना त्रास होत नसेल तर राहू देत. होत असेल तर घेऊन जातो."

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी पान सत्तेचाळीस आलं होतं. अण्णांना त्यात नियतीचा हात दिसला.

सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावरचे शिंपीकाका. अण्णा अर्ज घेऊन गेले तेव्हा ते एका पँटची कंबर सैल करत होते. अर्ज त्यांनी वाचला नाही. अण्णांचा अर्ज वाचायचा म्हणजे दुपार गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाणी किती ठेवणार?"

"चार इंच."

शिंपीकाकांनी टेपवर चार इंच धरून बघितले आणि मान हलवली. "सहा ठेवा अण्णा. आटतं."

शेजारच्या बिऱ्हाडाची हरकत नसल्याचं पत्र लागणार होतं. शेजारी कंपाउंडर राहत. डॉक्टरांच्या हाताखाली वीस वर्षं पुड्या बांधून त्यांना सल्लाही पुडीत बांधून द्यायची सवय लागली होती. "तीन दिवस पाणी ठेवून बघा," ते म्हणाले. "फरक पडला तर आणखी तीन दिवस. नाही पडला तर पाणी बदला. आणि उपाशीपोटी गच्चीवर जाऊ नका."

रविवारी सकाळी अण्णांनी गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या नळीच्या तोंडात वाळूचं पोतं ठासलं, वरून सिमेंटचा गिलावा केला, पाय पुसण्याचं एक गोणपाटही कोंबलं, आणि टाकीला रबरी पाइप लावला. पाणी गच्चीवर पसरू लागलं. बघताना अण्णांना इतकं प्रसन्न वाटलं, की ही टाकी इमारतीत सगळ्यांची मिळून एकच आहे हे त्यांच्या ध्यानातून गेलं. साडेदहाला जिन्यात पहिली आरोळी उठली. अकरापर्यंत डोक्याला साबण लावलेली तीन माणसं डोळे मिटून कठडा चाचपत वर आली. त्यांनी अण्णांना काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यात व्याकरणाच्या चुका नव्हत्या, एवढं अण्णांनीही कबूल केलं.

पण तळं झालं. आणि खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस त्यानं आपलं काम चोख बजावलं. वरून वाफ उडत होती, खाली छत निवत होतं. भर दुपारी दोन वाजता सासरेबुवा मागच्या खोलीत घोरत पडले. वर कावळ्यांची आंघोळ चालू होती, तिचा छपछप आवाज खाली येत होता. अण्णांनी कचेरीतून साडूंना फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या त्या यंत्राचा आवाज फार होतो का हो? नाही, आमच्याकडे अगदी शांत असतं म्हणून म्हटलं."

चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या डास विभागाची नोटीस आली. एका साबणवाल्यानं तक्रार केली असणार. नोटिशीत लिहिलं होतं: 'आपल्या गच्चीवर साठवलेले पाणि चोविस तासाच्या आत काढुन टाकावे.'

अण्णांनी ती दारातच वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांना सगळी इमारत वहिनीच म्हणते. त्यांनी तो चेहरा बघितला आणि हातातलं काम टाकून त्या दाराशी आल्या.

"अहो, सरकारी कागद आहे. तुमचं लाल पेन आधी खाली ठेवा."

पण पेन केव्हाच उघडलं होतं. अण्णांनी नोटीस तपासली, चार चुकांना चार गोल केले आणि खाली उत्तर लिहिलं: 'पाणि या ह्रस्वान्त शब्दाचा अर्थ हात. आमचे पाणिग्रहण सत्तावीस वर्षांपूर्वी झाले असून त्यातील चारही पाणि आमच्या घरात आहेत. गच्चीवर एकही नाही. सबब काढून टाकण्याजोगे काही आढळले नाही. कळावे.'

दोन दिवसांनी डास विभागाचे इन्स्पेक्टर स्वतः आले. बारीक अंगाचे, दमलेले गृहस्थ. त्यांच्या हातात तोच कागद होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. 'काढुन'मधला उकारही पाहिलात ना?"

"साहेब," इन्स्पेक्टर खुर्चीत टेकत म्हणाले, "बावीस वर्षं मी हीच नोटीस लिहितोय. आजवर एकानंही हात काढून ठेवले नाहीत. लोक मुकाट्यानं पाणी काढतात."

अण्णांनी लाल पेन खिशात टाकलं. वहिनींनी तेवढ्यात चहा आणला, म्हणून बरं झालं. इन्स्पेक्टर गच्चीवर गेले, पाण्यात पळी बुडवून बघितली, आणि पळीत वळवळणाऱ्या तीन अळ्या अण्णांच्या नाकाखाली धरल्या. अण्णांना त्यांत कुठलीही चूक काढता येईना.

"उपसा, नाहीतर कडेकोट झाका," इन्स्पेक्टर म्हणाले. "डासाला पाण्याचा वास लागता कामा नये. सहा दिवसांनी बघायला येतो."

उपसायचं म्हणजे साडूंपुढे हार. अण्णांनी झाकायचं ठरवलं. एवढी मोठी ताडपत्री कुठे मिळेना, म्हणून ट्रकवाल्यांकडच्या पाच जुन्या काळ्याभोर ताडपत्र्या आणल्या आणि शिंपीकाकांनी त्या जोडून दिल्या. दीड दिवस मशीन घरघरत होतं. गिऱ्हाईकं दारात खोळंबली होती. शेवटी शिंपीकाका अंग चोळत म्हणाले, "अण्णा, आजवर खूप जणांची मापं घेतली. पण पोटाचा घेर चाळीस फूट, असं गिऱ्हाईक पहिलंच."

तळं काठोकाठ झाकलं. कडेनं विटा लावल्या. वाफ उडायची थांबली, कावळे कठड्यावर बसून निषेध करून गेले, आणि काळी ताडपत्री दिवसभर ऊन पीत राहिली.

त्या संध्याकाळी गंमत झाली. सूर्य मावळला, रस्ता निवला, समोरच्या इमारतीच्या भिंती निवल्या, खालचं मोकळं अंगण तर इतकं गार झालं की मांजर पोट टेकून पसरलं. आणि अण्णांच्या मागच्या खोलीत मात्र छतातून ऊब उतरू लागली. दुसऱ्या दिवशी ती ऊब राहिली नाही, धग झाली. बाहेर आठ वाजता गार वारा, आत भट्टी.

"भास आहे," अण्णा म्हणाले. "दिवसभराच्या उन्हाची आठवण अंगात राहते, त्याचा हा परिणाम."

"अहो, भासानं माझं पोलकं भिजलंय," वहिनी म्हणाल्या.

कंपाउंडरांनी दारातूनच निदान केलं. "औषध लागू पडायच्या आधी त्रास वाढतो. मात्रा दुप्पट करा." म्हणजे नेमकं काय दुप्पट करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

सासरेबुवा मात्र काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी आपली घडीची खाट बगलेत मारली, काठी घेतली आणि एकेक पायरी चाचपत खाली अंगणात जाऊन पंपाच्या खोलीशेजारी मातीवर खाट टाकून आडवे झाले. विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे करायला आलो होतो, तेवढ्यात पडलो."

ते चार मजले उतरून पाय मोकळे करायला गेले, या वाक्यात काहीतरी गफलत आहे हे अण्णांसारख्या माणसाला कळू नये असं नव्हतं. पण त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं.

पंधरावा दिवस उजाडला. संध्याकाळी साडू येणार होते. अण्णा कचेरीतून लवकर आले आणि मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. दोन मिनिटांत चष्म्यावर वाफ धरली. ते तसेच जिना चढून गच्चीवर गेले. सूर्य बुडाला होता. कोरड्या कोपऱ्यातल्या फरशीला त्यांनी हात लावला. ती निवत आली होती. मग त्यांनी चार विटा सरकवल्या, ताडपत्रीची कड उचलली आणि हात आत घातला.

आंघोळीचं पाणी. अगदी विसण घालून बेतावर आणलेलं.

हात तसाच पाण्यात ठेवून अण्णा उकिडवे बसून राहिले, आणि पान सत्तेचाळिसाची ती ओळ त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, या वेळी पूर्ण. उशिरा थंड होते. तो 'उशिरा' त्यांच्याच हातानं ह्रस्व झाला होता. म्हणजे आपण गेले तीन दिवस सासऱ्यांच्या डोक्यावर खोलीएवढं गरम पाण्याचं घंगाळ ठेवलं होतं. शस्त्रक्रिया झालेला, घाम चालत नसलेला म्हातारा माणूस काही न बोलता चार मजले उतरत होता आणि आपण त्याला भास म्हणत होतो. साडू काय म्हणतील हे त्या क्षणी त्यांना आठवलंसुद्धा नाही. आत्ताच्या आत्ता हे पाणी गेलं पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यांनी नळीच्या तोंडावरचा गिलावा विटेनं फोडला, गोणपाट उपटलं, आणि पोत्याला दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. पोतं निघालं. अण्णा मागच्या मागे तळ्यात बसले.

ही नळी खाली गटारापर्यंत जाते, असं नकाशात होतं. प्रत्यक्षात पहिल्या मजल्याखालचा तुकडा दोन वर्षांपूर्वीच निखळला होता आणि त्याबद्दलचा अर्ज अण्णांनी भाषा सुधारण्यासाठी सेक्रेटरींना परत दिला होता. त्या उघड्या तोंडाखाली नेमके त्याच वेळी दोघे उभे होते. एक साडू, गाडीतून उतरून इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट करणारे. दुसरे डास विभागाचे इन्स्पेक्टर, सहा दिवस झाले म्हणून पाहणीला आलेले. दोघांची ओळख नव्हती. ती झाली.

"अहो, गरम आहे!" ही साडूंची आरोळी चौथ्या मजल्यावर ऐकू आली.

अण्णा चिंब कपड्यांनी चार मजले उतरले. उतरताना त्यांनी 'अनवधानाने घडलेल्या' असं सुरू होणारं एक निर्दोष वाक्य जुळवलं होतं. खाली आल्यावर त्यातलं काहीही आठवेना. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "माझं चुकलं."

इमारतीत एकदम शांतता पसरली. कंपाउंडर तर नाडी बघायच्या बेतानं पुढे आले.

कपडे वाळेपर्यंत कुणालाच हलता येणार नव्हतं. साडूंना अण्णांचा पायजमा दिला, तो त्यांना गुडघ्याच्या जरा खाली आला. इन्स्पेक्टरांसाठी शिंपीकाकांनी एका बँडवाल्यानं शिवून घेऊन कधीच न नेलेला लाल कोट काढला, पितळी बटणांचा. वहिनींनी अंगणात खुर्च्या मांडल्या. सासरेबुवा खाटेवर उठून बसले होते आणि चाललेला सगळा गोंधळ कानांनी बघत होते.

अण्णा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "बाबा, पाणी उशिरा तापतं तसं उशिरा थंडही होतं. ते माझ्या नजरेखालून गेलं होतं आणि मी वाचलं नाही. तुम्हाला फार त्रास झाला."

"मला ठाऊक होतं जावईबापू. दिवसभर तापलेलं पाणी रात्रभर कोमट असतं. पहाटे बोट सोडायचो तेव्हा हात घालून बघायचो."

"मग बोलला का नाहीत?"

सासरेबुवांनी काठी खाटेला टेकवून ठेवली. "कसं बोलणार? जन्मभर मी पाण्यापाठी गेलो. कुणी माझ्यासाठी पाणी घराच्या डोक्यावर आणून ठेवलं नव्हतं. आणि ते पहिले तीन दिवस... डोळे बंद, वर छपछप आवाज. मी बोटीतच होतो."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. तो ओलाच होता, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

साडूंचा राग एव्हाना ओसरला होता. पायजमा खाली ओढत ते म्हणाले, "पण बाबा, आता तरी चला. खोली थंडगार करून ठेवलीय."

"तुमचा एसी फार चांगला आहे," सासरेबुवा म्हणाले. "गेल्या वर्षी मी त्यात छान झोपलो. पण त्याला दार लावून घ्यावं लागतं."

साडू म्हणाले, "हो. ते खरं आहे." आणि खुर्ची ओढून सासऱ्यांच्या जवळ बसले.

"मी इथेच बरा. दुपारी खोलीत पडेन, छतावर ओली पोती टाका. संध्याकाळी अंगणात. माती बिचारी चटकन निवते, राग धरून बसत नाही."

इन्स्पेक्टरांनी लाल कोटाची गळ्यापाशी टोचणारी बटणं सोडली. "डबकं साचलं नाही तर ओल्या पोत्यांना आमच्या विभागाची हरकत नाही," ते म्हणाले. कपडे केव्हाच वाळले होते. त्यांनी ते मागितले नाहीत. कंपाउंडर आपल्या घरची सतरंजी घेऊन आले. साबणवाल्यांपैकी दोघे आले आणि जणू कधी काही बोललेच नव्हते अशा चेहऱ्यानं बसले. साडूंनी बायकोला फोन करून सांगितलं की उशीर होईल, जेवून घे. नाहीतर असं कर, तूच ये.

"पूर्वी इंजिन नव्हतं तेव्हा कशी चालवायचात बोट?" साडूंनी विचारलं.

"जमिनीच्या आणि पाण्याच्या भांडणावर," सासरेबुवा म्हणाले. "दुपारी जमीन तापायची, मग वारा पाण्यावरून आत यायचा आणि मला घरी आणून सोडायचा. रात्री जमीन आधी निवायची, वारा उलटा फिरायचा, आणि पहाटे मला पाण्यावर ढकलून द्यायचा. दोघं सारखीच तापली-निवली असती तर मी वल्हीच मारत बसलो असतो."

कुणीतरी म्हणालं की खाडी इथून दोन मैल लांब, इथवर कुठला तो वारा येतोय. सासरेबुवांनी काळ्या चष्म्याचा चेहरा वर केला, मान जराशी वळवली, एका गालावर काहीतरी जोखलं आणि म्हणाले, "फिरला."

कुणालाच काही जाणवलं नव्हतं. तरी अण्णा उठले, त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि सासरेबुवांचा गाल होता त्या दिशेला तोंड करून मांडली. मग साडूंनी, मग इन्स्पेक्टरांनी, मग एकेक करून सगळ्यांनी उचलली. सगळे तसे बसले, आणि थोड्या वेळानं तो खरंच आला.